स्विच-ऑन झालं, पुढे?

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानाच्या आत बसवायचं यंत्र. त्याच्या ऑपरेशनबद्दल मी आज बोलणार नाही. ते सर्जनचं काम, दोन-तीन तासांत होतं. आमचं ऑडिओलॉजिस्टचं, म्हणजे श्रवणतज्ज्ञांचं, काम जखम भरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी, मशीन पहिल्यांदा सुरू करतो तेव्हा चालू होतं. आणि त्या दिवशी बहुतेकांचा चेहरा पडतो. ‘सगळे बदकासारखे बोलतायत,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. साहजिक आहे. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. आपण आत घालतो ती इलेक्ट्रोडची तार, कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपका नसेला विजेचा संकेत देणारा. उरलेलं मेंदूनं भरून काढायचं असतं, आणि त्याला महिने लागतात.

१९७८ साली मेलबर्नला डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांनी आपलं पहिलं, अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं ते मोठ्या माणसालाच, अपघातात ऐकणं गेलेल्या. आपल्याकडे मात्र कॉक्लिअर म्हटलं की लहान मूल डोळ्यांसमोर येतं. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारी एडिप योजनेतूनही हे इम्प्लांट मुलांसाठीच. मुलाला त्याची आई मॅपिंगला, म्हणजे मशीनचे आवाज जुळवून घ्यायला, ओढत आणते, पावसात, दोन बस बदलून. साठीच्या माणसाला कोण आणणार? पहिल्या वर्षी येतात, मग फोनवर ‘बरं चाललंय, मॅडम’, आणि मग तेही नाही.

असेच एक काका तीन वर्षांनी आले. खरं तर काकूंनी आणले. भाजीवाल्यानं ‘साठ’ म्हटलं की हे दहाची नोट पुढे करून दोन रुपये परत मागायचे. यांना ‘आठ’ ऐकू यायचं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, वय झालं. मी तोंडापुढे कागद धरून सहा आवाज म्हटले: आ, ई, ऊ, म, श, स. पाच बरोबर आले. ‘स’ला काका माझ्याकडे नुसते बघत राहिले. प्रोसेसर, म्हणजे कानामागचं मशीन, हातात घेतला तर माइकच्या जाळीवर खोबरेल तेल आणि पावडरीचा थर! ‘स’ हा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. जाळी तुंबली की आधी तोच जातो, आणि इतका हळूहळू जातो की ज्याचा जातो त्याला पत्ता लागत नाही. जाळी बदलली, निम्मं काम झालं. मग मॅप तपासला: प्रत्येक इलेक्ट्रोडवर किती हळू आवाज कळतो, किती मोठा सोसतो. तीन वर्षांत दोन्ही आकडे सरकले होते.

म्हणून ते सहा आवाज रोज सकाळी घरातल्या कुणाकडून तरी म्हणून घ्या, त्यांच्याकडे पाठ फिरवून. चहा उकळेपर्यंत होतं. पावसाळ्यात रात्री मशीन कोरड्या डबीत ठेवा. आपल्या जुलैची हवा त्याला सोसत नाही. कॉइल, म्हणजे डोक्याला मॅग्नेटनं चिकटणारी चकती, पडते म्हणून जास्त ताकदीचं मॅग्नेट आपणहून लावू नका. खालची कातडी लाल होते, पुढे जखम होते.

आता मगाशी ताईंनी विचारलं, खांदा आखडलाय, शेक घेऊ का? गरम पाण्याची पिशवी खुशाल घ्या. फिजिओथेरपीतली डायथर्मी, म्हणजे मशीनच्या लहरींनी दिलेला शेक, मात्र नाही. तिथे टेबलावर आडवं व्हायच्या आधी सांगायचं, डोक्यात इम्प्लांट आहे. एमआरआयला तर कंपनीचं कार्ड दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कार्ड कुठंय तुमचं? कपाटात? पर्समध्ये ठेवा.