सेकंदाला दोन लाख हेलकावे

(दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. यंत्रमागांचा खडखडाट. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.)

या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं. म्हणून काकांनी माग बंद केला, टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसले आणि मोबाईल आमच्या पुढे धरला.

"करंट देऊन कॅन्सर जाळतात म्हणे. खरं आहे का ओ हे?"

त्यांच्या मेव्हण्याच्या मेंदूत गाठ निघाली आहे. पुण्यात ऑपरेशन झालं आणि रिपोर्टवर नाव आलं, ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या गाठींमधली ही अतिशय आक्रमक गाठ. आता रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या सुरू आहेत. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर रोज कुणी ना कुणी नवा व्हिडिओ पाठवतं आहे.

करंटचं खरं आहे, काका. पण जाळत नाहीत. या उपचाराचं नाव ट्यूमर ट्रीटिंग फील्ड्स, म्हणजे गाठीवर विद्युतक्षेत्राचा उपचार.

(दृश्य : मागावरचा ताणा, जवळून. शेकडो उभे धागे.)

शाळेत शिकलेले शब्द आठवून पाहा. गुणसूत्र. सूत्री विभाजन. तर्कूतंतू. सगळे शब्द सुताचे आहेत. तर्कू म्हणजे सूतकताईची चाती. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा आत अक्षरशः धागे ताणले जातात, आणि त्या धाग्यांच्या ओढीनं गुणसूत्रांच्या दोन सारख्या वाटण्या होऊन त्या दोन टोकांना जातात. हे धागे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कणांचे बनतात. कण एकामागोमाग एक, नेमक्या दिशेनं जोडला गेला तरच धागा सरळ वाढतो. या प्रत्येक कणाला विजेच्या दृष्टीनं एक धन बाजू असते, एक ऋण बाजू असते.

म्हणजे विजेचं क्षेत्र त्याला वळवू शकतं.

इस्रायलमधल्या हैफा शहरात टेक्निऑन नावाची नामांकित तंत्रशिक्षण संस्था आहे. तिथले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक योराम पाल्टी यांनी हाच धागा पकडला. सन २००० मध्ये त्यांनी त्यासाठी कंपनी काढली, आणि २००४ मध्ये त्यांच्या गटाचा पहिला महत्त्वाचा शोधनिबंध आला. सौम्य, पण अतिशय वेगानं दिशा पालटणारं विद्युतक्षेत्र लावलं, तर विभाजनाला आलेल्या कॅन्सरपेशी अडखळतात आणि त्यातल्या काही मरतात, असं त्यांनी दाखवलं.

किती वेगानं? घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. इथे, मेंदूच्या गाठीसाठी, सेकंदाला दोन लाख. क्षेत्राचा जोर मात्र सेंटिमीटरला एक ते तीन व्होल्ट, एवढाच. इतक्या वेगाच्या हेलकाव्यांना मज्जातंतू किंवा स्नायू प्रतिसादच देत नाहीत. म्हणून शॉक लागत नाही, अंग आखडत नाही, हृदयाचा ठोका चुकत नाही.

विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यावर पेशीचा आकार डमरूसारखा होतो. दोन्हीकडे फुगलेली, मध्ये चिमटलेली. विद्युतक्षेत्राच्या रेषा त्या चिमटीत दाटतात, आणि आतले धन-ऋण बाजू असलेले कण त्या बाजूला ओढले जातात. दोन पेशी सुट्या होण्याच्या ऐन क्षणी सगळी मांडामांड विस्कटते. विभागत नसलेल्या पेशीत असा डमरू नसतो, त्यामुळे तिला फारसं काही होत नाही. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी विभागत नाहीत. हा उपचार आधी मेंदूपर्यंत का पोहोचला, त्याचं एक उत्तर इथे आहे. ही झाली मूळ मांडणी. पेशीत याशिवाय आणखी काय घडतं, यावर संशोधन अजून चालू आहे.

(दृश्य : केस पूर्ण काढलेलं डोकं, रेखाचित्र. चार पट्ट्या, प्रत्येकीवर नऊ चकत्या.)

आता रोजचं जगणं. डोक्याचे केस पूर्ण काढायचे. टाळूवर चार चिकटपट्ट्या लावायच्या, प्रत्येकीत सिरॅमिकच्या नऊ चकत्या. दोन पट्ट्यांची एक जोडी पुढून-मागून, दुसरी डावी-उजवीकडून. पेशी कुठल्या दिशेनं विभागेल ते आधी कळत नाही, म्हणून क्षेत्राची दिशाही आळीपाळीनं बदलावी लागते. वायरी खांद्यावरच्या पिशवीतल्या यंत्राला आणि बॅटरीला जोडलेल्या. दिवसाचे किमान १८ तास. झोपेतसुद्धा. तीन-चार दिवसांनी पट्ट्या काढायच्या, टाळू पुन्हा तासायची, नव्या लावायच्या. हे सगळं घरातल्याच कुणाला तरी करावं लागतं.

या उपचाराच्या मोठ्या चाचणीत निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांची पट्ट्यांखालची त्वचा लाल झाली, चुरचुरली. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत पंख्याचं वारंही गरम लागतं. तिथे अठरा तास डोक्याला चिकटपट्टी. तापमानाचा हा विचार कुठल्याही माहितीपत्रकात आम्हाला दिसला नाही, पण काकांनी तो सर्वांत आधी केला.

(दृश्य : पंढरपूर, चंद्रभागेचं वाळवंट.)

आणि याचा उपयोग किती?

ग्लायोब्लास्टोमाच्या एकूण ६९५ रुग्णांवर ही चाचणी झाली. सगळ्यांचं रेडिएशन आधीच पूर्ण झालेलं होतं. काहींना फक्त गोळ्या दिल्या, काहींना गोळ्या आणि हे यंत्र. चाचणीत नाव घातल्यापासून मोजलं तर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण १६ महिन्यांपुढे जगले. यंत्र लावणाऱ्यांपैकी निम्मे २०.९ महिन्यांपुढे. पाच वर्षांनंतर हयात असलेले, ५ टक्क्यांच्या जागी १३ टक्के.

म्हणजे फरक जवळपास पाच महिन्यांचा. आषाढी ते कार्तिकी, आणि वर जेमतेम महिना. वारीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हा काळ केवढा असतो ते सांगावं लागत नाही.

या चाचणीवर एक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. ज्यांना यंत्र नव्हतं त्यांना खोटं यंत्रही लावलेलं नव्हतं. आपल्याला जादा उपचार मिळतोय हे रुग्णाला माहीत होतं, डॉक्टरांनाही. तरी एवढा फरक केवळ मनाच्या उभारीनं पडला असेल, असं आम्हाला वाटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये पुन्हा उद्भवलेल्या गाठीसाठी याला मान्यता दिली, २०१५ मध्ये नव्यानं निदान झालेल्या गाठीसाठी. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठीही.

हा उपचार कॅन्सर पसरू देत नाही, असंही व्हिडिओंत सांगतात. त्याचं काय? प्राण्यांवरचं काम २००९ सालचं आहे. उंदीर आणि सशांच्या फुप्फुसांत पसरणाऱ्या गाठी या क्षेत्रामुळे कमी झाल्या. माणसांमध्ये, फुप्फुसातून मेंदूत पोहोचलेल्या कॅन्सरवर एक चाचणी झाली. मेंदूतल्या गाठी पुन्हा वाढायला ११.३ महिन्यांच्या जागी २१.९ महिने लागले. आयुष्याची लांबी मात्र त्यानं वाढली नाही. हे दुसरं वाक्य व्हिडिओंमध्ये गाळलेलं असतं.

आणि किंमत. अमेरिकेत जाहीर झालेला दर महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर होता. काकांनी आकडा ऐकला आणि एका टॉवेलची मजुरी सांगितली. पुढचा गुणाकार कुणीच केला नाही.

(दृश्य : बार्शीकडे जाणारा रस्ता, ज्वारीची शेतं.)

चाचणी म्हणजे काय, हे आपल्या भागाला नवं नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांना गावोगाव जाऊन गाठलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कुठली तपासणी खरंच जीव वाचवते ते पाहायला. हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. त्याआधी, १९८७ पासून, बार्शीत खेड्यापाड्यातल्या कॅन्सररुग्णांची नोंद ठेवली जाते आहे. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनी तेव्हा तपासणीला होकार दिला, म्हणून जगाला एक खात्रीचं उत्तर मिळालं. विजेच्या उपचाराबद्दलही आम्ही तेच मागतो. गावात कुणी चुंबकाचा पट्टा किंवा करंटची गादी विकायला आलं, तर आधी विचारा : किती रुग्णांवर, कुणाशी तुलना करून, किती महिन्यांचा फरक?

(दृश्य : पुन्हा कारखाना. सुताच्या रिकाम्या कोनांचा ढीग.)

काकांनी आमच्याकडून पेन घेतलं. "पुण्याच्या डॉक्टरला काय विचारू ते नीट सांगा, लिहून घेतो."

सुताच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी एकेक ओळ लिहिली. मेव्हण्याच्या गाठीला हे लागू आहे का. आपल्याला मिळू शकतं का, कुठे. सगळा खर्च किती. रोज अठरा तास जमलं नाही, तर उपयोग किती उरतो.

मग थोडं थांबून, शेवटची ओळ त्यांची स्वतःची. "उन्हाळ्यात काय करायचं?"

पुठ्ठा घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि माग सुरू केला.