ही रेघ कोणी ओढली?

मित्रहो, माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर सगळ्यात जास्त घबराट एका आकड्यानं होते. डबल मार्कर, म्हणजे गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होणारी रक्ताची तपासणी. तिच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं, ‘हाय रिस्क, 1:200’. समोरची बाई ‘हाय रिस्क’ एवढंच वाचते. अर्थ असा, की असा आकडा आलेल्या 200 जणींपैकी साधारण एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, म्हणजे एक गुणसूत्र जास्तीचं असल्यानं बुद्धीची वाढ मंद राहील. 199 जणींच्या बाळांना नसेल. ही चाळणी आहे, निदान नव्हे. एनआयपीटी ही आईच्या रक्तातले बाळाच्या डीएनएचे अंश तपासणारी चाचणी खूपच अचूक, पण तीही चाळणीच. खात्री हवी तर वारेचा तुकडा नाहीतर गर्भजल तपासावं लागतं. हे नीट समजावायला अर्धा तास हवा. बाहेर रांग असते.

गर्भजल परीक्षा मुंबईला नवी नाही. 1980 च्या दशकात इथे तिचा धंदा झाला होता, मुलगी ओळखून पाडण्यासाठी. इथल्याच स्त्री संघटना आणि डॉक्टर मंडळी त्याविरुद्ध उभी राहिली, आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा आला 1994 मध्ये. तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात 1991 साली 946 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या.

त्या चळवळीची मी ऋणी आहे, म्हणूनच ही अडचणीची गोष्ट बोलते. कायद्यानं तेव्हा एक रेघ ओढली: मुलगी शोधायची नाही, ‘दोष’ मात्र शोधायचा. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे विचारतात, मुलगी नको म्हणणं हा गुन्हा, मग आम्ही नको म्हणणं हे शास्त्र कसं? या प्रश्नानं माझी झोप उडवली आहे.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1883 मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला: ‘चांगल्या’ माणसांचीच वीण वाढवायची, ‘वाईटां’ची रोखायची, हा विचार. मराठीत तो ‘सुप्रजाजनन’ असा गोंडस होऊन आला. याच विद्येच्या बर्लिनमधल्या संस्थेत, ऑयगेन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली, आपल्या इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या. गुरूला कवटीच्या ठेवणीत वंशाचं श्रेष्ठत्व दिसत होतं. इरावतीबाईंच्या मोजमापात ते सापडलं नाही, आणि गुरूसमोर त्यांनी तसंच मांडलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पुढे 1933 मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, ‘आनुवंशिक रोगी’ ठरवलेल्या माणसांसाठी.

आज तशी सक्ती नाही. गर्भ ठेवायचा की नाही हे त्या बाईनंच ठरवायचं, यावरून मी तसूभर हटणार नाही. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. नवरा-बायको दोघंही मायनर, म्हणजे स्वतःला त्रास नसलेले वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळ मेजर, म्हणजे गंभीर आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. पहिल्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढताना जिनं पाहिलं, तिला नीती शिकवणारी मी कोण? पण 2021 च्या दुरुस्तीनंतरचा आपला गर्भपाताचा कायदा पाहा. बाईच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. एरवी 24 आठवड्यांनंतर तिची कितीही अडचण असो, दार बंद. मात्र वैद्यकीय मंडळानं गर्भात मोठं व्यंग सांगितलं, की मुदतच उरत नाही. म्हणजे दार तिच्या अडचणीनं उघडत नाही, बाळात खोट निघाली की उघडतं. सुप्रजाजनन मला तिथे दिसतं. आणि घरात दिसतं, सासर-माहेर मिळून ‘असलं मूल सांभाळणार कोण?’ असं विचारतात आणि सगळे तिच्याकडेच बघतात तेव्हा.

एकदा गर्भजलाचा रिपोर्ट खरोखर डाउनचा आला. बाई शांत होती. तिनं विचारलं, “मॅडम, अशी मुलं मोठी होऊन करतात काय? तुम्ही कुणाला ओळखता?” माझ्याकडे पुढच्या सगळ्या तारखा होत्या, दर होते, सहीचे कागद होते. अशा मुलाच्या आईचा एक फोन नंबर नव्हता. तो मी पुढच्या आठवड्यात मिळवला. तोवर तिचं ठरून गेलं होतं.