दार उघडं ठेवून: मराठवाड्यातली सुवार्ता

[दृश्य: जालना शहर, सकाळ. चर्चची दगडी भिंत. मग गावाबाहेर जाणारा रस्ता.]

जालन्यात सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश सांगण्याचं, काम उभं केलं नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घरातला हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनरींकडे शिकला आणि 1843 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरींकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्ट गाठलं आणि मुलगा परत मिळवला. मग त्या पोराला जातीत घ्यायचं की नाही, यावरून मोठा वाद पेटला. घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

असा विरोध अंगावर घेतलेले नारायणराव पुढे निजामाच्या मुलखात आले, वस्त्यावस्त्यांतून फिरले. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. सुवार्ता सांगणाऱ्या प्रत्येकाने हे बेथेल समजून घ्यावं. बाप्तिस्मा घेतला की भावकी तुटते, बलुतं बंद होतं, विहिरीवर बोलणी खावी लागतात. अशा माणसाला "प्रभू पाहून घेईल" एवढं सांगून आपण एसटीने घरी परतायचं, याला धैर्य म्हणत नाहीत.

[दृश्य: बीड जिल्ह्यातली वस्ती, संध्याकाळ. पत्र्याचं घर, दार उघडं, आत सतरंजी अंथरलेली.]

आज मराठवाड्यातलं बहुतेक काम अशा घरसभांमधून चालतं. दहा-पंधरा माणसं, एक खंजिरी, नवा करार आणि गीतांची वही. इथे हिंमत लागते ती दार उघडं ठेवण्याची. बंद दारामागच्या प्रार्थनेबद्दल गावात काहीही उठतं. उघड्या दारासमोरून जाणाऱ्याला गाणं ऐकू येतं, माणसं दिसतात. सभा कुणाच्या घरी आहे, पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) कोण, कुठल्या मंडळीचा (चर्चचा), हे शेजाऱ्यांना, पोलीस पाटलांना आधीच सांगितलेलं बरं. लाउडस्पीकर लावायचाच असेल तर परवानगी घ्यावी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच ठेवावा. एवढ्याशा घरात मुळात त्याची गरज नसते.

ऊसतोड कामगारांच्या वस्तीत वेळापत्रक हंगामावर बांधावं लागतं. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, घरी म्हातारी माणसं आणि काही पोरं उरतात. पालक नसताना त्या पोरांना धर्माचं काही शिकवू नये, मग कितीही चांगल्या मनाने असो. आईबाप परत आले की त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीने बोलावं.

[दृश्य: हातातलं पवित्र शास्त्र, पहिल्या पेत्राचा तिसरा अध्याय.]

येशूचा शिष्य पेत्र लिहितो की तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. घात होतो तो बहुतेक वेळा हा दुसरा भाग विसरल्यावर. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणं, देव्हाऱ्यातले टाक नदीत टाकायला लावणं, वारीची टिंगल करणं, यात कसलं आलंय धैर्य? त्याने माणसं दुखावतात. हेतुपुरस्सर अपमान केल्याचा आरोप झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हाही दाखल होऊ शकतो. येशू कोण आहे आणि त्याने आपल्यासाठी काय केलं, हे सांगायला कुणाची निंदा लागत नाही.

दुसरी चूक आजारपणाची. प्रार्थना जरूर करावी, पण "गोळ्या सोडा, विश्वास ठेवा" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. टीबीचं औषध नेहमीच्या उपचारात सहा महिने चालतं. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडलं तर आजार उलटतो, औषधाला दाद देईनासा होतो. प्रार्थना झाल्यावर "या महिन्याच्या गोळ्या आणल्या का?" असं विचारणारा सेवक गावाचा विश्वास कमावतो.

तिसरी गोष्ट मदतीची. धान्य, ब्लँकेट, वह्या वाटायच्या असतील तर त्या सगळ्या वस्तीला, वेगळ्या दिवशी, प्रार्थनेची अट न घालता वाटाव्यात. एकाच दिवशी पिशवी आणि प्रवचन दिलं, की प्रलोभनाचा आरोप आपणच ओढवून घेतो.

[दृश्य: संविधानाचं पान, कलम 25.]

6 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत धर्मप्रसाराच्या हक्कावर खडाजंगी झाली. 'प्रसार' हा शब्द वगळा, असा आग्रह होता. तरी तो राहिला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचा प्रसार करण्याचा हक्क कलम 25 प्रत्येकाला देतं. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली त्याची मर्यादाही सांगितली: आपली शिकवण मांडता येते, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. ही मर्यादा आपल्या श्रद्धेशी जुळणारीच आहे. मन पालटणं हे देवाचं काम. आपण साक्ष द्यायची.

[दृश्य: घराबाहेर मोटारसायकली थांबतात. अंगणात आवाज वाढतो.]

जमाव आला तर गाणं थांबवावं. बायका-मुलांना एकत्र बसवावं आणि बोलायला एकच माणूस पुढे करावा, शक्यतो घरमालक. पाच जण एकदम बोलले की बाचाबाची होते, आणि मोबाइलवर तेवढंच कापून फिरवलं जातं. 112 ला फोन आपणच करावा. हात उगारला गेला तरी उलट हात उगारू नये. धार्मिक सभा चालू असताना मुद्दाम अडथळा आणणं हा न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे, हे शांतपणे सांगता येतं.

ठाण्यात न वाचता कशावरही सही करू नये. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, एफआयआरची प्रत मागावी; ती मोफत मिळते. तक्रार नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं.

काही विश्वासणाऱ्यांना वाटतं की कायद्याचा आधार घेणं म्हणजे विश्वास डळमळणं. त्यांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचावा. फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन मध्यरात्री गीतं गाणारा पौल, सकाळी गुपचूप निघून जा म्हटल्यावर हलत नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीविना आम्हाला मारलं, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं, असं तो ठणकावतो.

[दृश्य: अंगणात बाजेवर बसलेलं कुटुंब, समोर पाळक.]

सगळ्यात जास्त धैर्य लागतं ते बाप्तिस्मा मागणाऱ्याला खरं सांगायला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर पोराच्या जात प्रमाणपत्राचं, राखीव जागेचं काय होईल, हे घरातल्या सगळ्यांसमोर बोलावं. हे लपवून दिलेला बाप्तिस्मा पुढे घर फोडतो. ऐकून कुणी "थांबतो" म्हणालं तर थांबू द्यावं, आणि त्याच्या घरी जाणं-येणं चालूच ठेवावं.

आणि मयतीचा प्रश्न आधी सोडवावा. गावात दफनभूमी नसेल तर प्रेत दारात असताना वाद होतो, आणि त्या वेळी कुणीच कुणाचं ऐकत नाही. म्हणून दोन-चार कुटुंबं झाली की लगेच जागेसाठी ग्रामपंचायतीकडे आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जाला घरप्रमुखांच्या सह्या जोडाव्यात, ग्रामसभेत विषय मांडावा, आणि जागा मिळेपर्यंत जवळच्या कुठल्या मंडळीच्या दफनभूमीत नेता येईल हे त्या मंडळीच्या पंचांकडून लिहून घ्यावं.