बरं आहे

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या हातात या भाषणाचा कागद आहे आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा मारलेल्या आहेत. त्या श्वास घ्यायच्या जागा. तीस वर्षं वर्गात भाषा शिकवली, मोठ्यानं वाचून दाखवणं हेच पोटापाण्याचं काम होतं, पण अशा खुणा करायची वेळ कधी आली नव्हती. २०२१ साली मला कोविड झाला आणि कळलं, की वाक्य आधी श्वासात मावावं लागतं, व्याकरणाचं नंतर बघू.

आजारपणाबद्दल बोलायचं म्हणजे आधी एका शब्दाबद्दल बोलायला हवं. 'बरा' हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. रोग गेला की माणूस बरा होतो. पण 'हे कापड कसं आहे?' असं विचारल्यावर कुणी 'बरं आहे' म्हणालं, तर आपण ते घेत नाही. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे, "आता बऱ्या आहात ना?" मी म्हणते, "बरी आहे." विचारणारा पहिला अर्थ घेऊन जातो. दुसरा मी माझ्याकडे ठेवते.

सुरुवात अगदी साधी होती. घसा खवखवला, पोटऱ्या दुखल्या, अंगात कणकण. ह्यांनाही त्याच दिवशी ताप आला. रिपोर्ट दोघांचेही पॉझिटिव्ह. हे दोन दिवसांत उठून बसले आणि तिसऱ्या दिवशी दाढी करून वर्तमानपत्र वाचू लागले. एकच घर, एकच विषाणू, वयात फरक चार वर्षांचा. त्याचा मला रागच आला, खोटं कशाला सांगू?

चौथ्या दिवशी नाकाखाली बाम चोळला. गार लागलं, डोळ्यांतून पाणीही आलं, पण वास नाही. पुन्हा चोळला. पुन्हा नुसता गारवा. हे फार चमत्कारिक वाटलं होतं. नंतर समजलं, की बामाचा गारवा वेगळ्या नसेवाटे कळतो, चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या, आणि वास वेगळ्या नसेवाटे. माझी एक वाट चालू होती, दुसरी बंद. आणखी एक गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती. हा विषाणू सहसा वासाच्या पेशींमध्ये शिरत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींमध्ये शिरतो. त्याला पेशीत घुसायला जो दरवाजा लागतो तो त्या शेजारणींकडे असतो. घर शेजारणीचं जळतं आणि अंधार आपल्याकडे होतो.

ताप उतरला तेव्हा मी खूश झाले. फोनवर डॉक्टर म्हणाले, "इतक्यात खूश होऊ नका. पहिला आठवडा विषाणूचा असतो, दुसरा तुमच्या स्वतःच्या शरीराचा." म्हणजे विषाणूशी लढणारी आपलीच यंत्रणा कधी कधी हात आवरत नाही आणि फुप्फुसाला सूज आणते. त्यांनी सांगितलं, बोटाला लावायचं ते यंत्र दिवसातून चार वेळा लावा, आकडा ९४ च्या खाली गेला की लगेच कळवा.

ते यंत्र, ऑक्सिमीटर, तुमच्यापैकी बहुतेकांच्या खणात अजून असेल. त्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून आकडा निघतो. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्यानं शोधली. ते एप्रिल २०२० मध्ये वारले, म्हणजे त्यांचं यंत्र घराघरातल्या उशाखाली जायला लागलं नेमक्या त्याच दिवसांत. बोटं गार असली, नखांना रंग असला तर ते चुकतं. गडद त्वचेवर ते कधी कधी आकडा खरा असतो त्याहून जास्त दाखवतं, हे २०२० च्या अखेरीस छापून आलं. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी फक्त बोटं चोळून चोळून ऊब आणायची आणि आकडा वर सरकायची वाट बघायची.

मुलगी परगावी. तिचा रोज फोन. "आई, आकडा सांग." कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. थेट आकडा. आठव्या दिवशी संध्याकाळी यंत्रानं ९२ दाखवले. मी तिला ९५ सांगितले.

का सांगितले, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तिला काळजी नको, हे म्हणायला सोपं. पण खरं म्हणजे तोंडातून ९२ बाहेर पडला असता तर तो खरा झाला असता. शिवाय मला धाप लागलेली नव्हती. मी बिछान्यात बसून होते, दाराबाहेर उभ्या असलेल्या ह्यांना दोन गोष्टी सुनावल्यासुद्धा होत्या. या आजारातला हा फार वाईट खोडसाळपणा. रक्तातला प्राणवायू उतरत असतो आणि माणसाला गुदमरल्यासारखं वाटतच नाही. आपल्याला गुदमरायला होतं ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे, आणि तो तर श्वासावाटे बाहेर पडतच असतो. त्यामुळे घंटा वाजत नाही.

घंटा वाजवली ती डॉक्टरांनी. रात्री त्यांनी आपणहून फोन केला. मी म्हटलं, "ठीक आहे, काही विशेष नाही." ते जरा थांबले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही चार शब्दांनंतर थांबताय. एका श्वासात एकपासून आकडे मोजा बघू." मी मोजायला लागले. अकरावर संपले. तीस वर्षं मुलांकडून पाढे म्हणून घेतलेली बाई अकरावर संपली.

रात्रभर पालथी झोपले, त्यांनी सांगितलं म्हणून. फुप्फुसाचा बराचसा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की हृदयाचा आणि पोटाचा भार त्यावर येतो, पालथं झालं की तो मोकळा होतो. आकडा ९४ वर गेला. पहाटे पुन्हा ९१. सकाळी मी रुग्णालयात होते. मुलीला ह्यांनी कळवलं. तिनं नंतर मला एकदाच विचारलं, "९५ कुठून आणलेस गं?" आणि मग तो विषय आम्ही दोघींनी काढला नाही. आज या निमित्तानं काढतेय.

रुग्णालयातल्या पाच रात्रींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्राणवायूच्या नळीचा सुर्रर्र आवाज, कोरडं पडलेलं नाक, आणि पांढऱ्या पोशाखात वावरणारी सगळी सारखीच दिसणारी माणसं. त्यांनी छातीवर स्केचपेननं स्वतःची नावं लिहिलेली असायची. मला जे स्टेरॉइड दिलं, ते डेक्सामेथासोन, १९५० च्या दशकातलं जुनं आणि स्वस्त औषध. त्याचा उपयोग होतो हे ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले, नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांमधले एक पंचमांशानं. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण घरच्या घरी उगाचच ते घेतलेले लोक मला माहीत आहेत. औषधानं माझी झोप उडाली. पहाटे तीन वाजता मला इतकी हुशारी वाटायची, की मनातल्या मनात मी अख्ख्या पुस्तकाची शुद्धलेखनतपासणी करत असे.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती. बोलायला दोघींनाही बंदी, म्हणजे श्वासाचीच बंदी. आम्ही बोटांनी एकमेकींना आपापला आकडा दाखवायचो. नऊ बोटं, मग तीन बोटं. नऊ, मग पाच. जिचा जास्त असेल ती भुवया उडवायची. चौथ्या सकाळी जाग आली तेव्हा तिच्या खाटेवर स्वच्छ चादर होती. दुसरीकडे हलवलं असेल. मी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

घरी आले. पुढे रिपोर्ट निगेटिव्ह आला. तशी त्याची गरज नव्हती, कारण मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे चाचणीत सापडू शकतात. पण लोकांना तो कागद लागतो. फोनवर फुलांचे गुच्छ आले, अभिनंदनं आली, आणि आमच्या घरापुरता कोविड संपला असं सगळ्यांनी ठरवलं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी बरं वाटलं म्हणून पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं. दोन फळ्या आवरल्या. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला केस विंचरायला हात वर उचलेना. मला वाटलं, पुन्हा लागण झाली. पुन्हा आवरणं, पुन्हा तेच, असं चारदा झाल्यावर हिशेब लक्षात आला. हा आजार उधारीवर शक्ती देतो आणि वसुलीला परवा येतो. आराम करा म्हणतात तो दमल्यावर करायचा नसतो, दमायच्या आधी करायचा असतो. दोन फळ्या आवरता येतात असं वाटलं की एकच आवरायची. माझ्या स्वभावाला हे औषध फार कडू होतं.

छातीचा फोटो स्वच्छ. रक्ताचे सगळे आकडे जागेवर. एका तपासणीत मला सांगण्यात आलं, "वयही झालंय, जरा मन रमवा." मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण वादाला लागणारा श्वास नव्हता. त्या बाबतीत मला ज्या गोष्टीनं धीर दिला ती अशी: 'लाँग कोविड', म्हणजे कोविड गेल्यावरही रेंगाळणारा हा त्रास, हे नाव कुठल्या डॉक्टरनं दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटलीतल्या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी, स्वतः आजारी असताना, ते वापरलं. रुग्णांनी ते उचललं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं या अवस्थेची व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे रुग्ण जवळजवळ दीड वर्ष पुढे होते.

शब्द हरवायला लागले ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी चोरी. एकदा ह्यांना म्हणाले, "ते जरा लावून घ्या ना, ते भिंतीतलं भोक." 'खिडकी' सापडेना. हे हसले, मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. पुढे मी उशाशी वही ठेवली आणि हरवलेला शब्द सापडला की लिहून ठेवायला लागले. खिडकी. चिमटा. परवानगी. वर्गमूळ. वही निम्मी भरली, मग नोंदी विरळ होत गेल्या. कुठल्या तारखेला थांबल्या ते सांगता येत नाही, कारण आज एकही शब्द हरवला नाही अशी नोंद कोण करतं?

वास मात्र परत आला तो वेडावाकडा होऊन. चार महिन्यांनी साबण घेतला तर जळलेल्या रबराचा वास. कॉफी, कांदा, स्वतःचा घामसुद्धा, सगळं त्याच एका घाणेरड्या वासाचं. वासाच्या नसेचे नवे धागे फुटत असताना मेंदूपाशी जोडण्या चुकतात, असं याचं एक स्पष्टीकरण देतात. मी वासाचा रियाज केला. २००९ साली जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी ही पद्धत अभ्यासून मांडली होती, कोविडच्या कितीतरी आधी. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ काही सेकंद हुंगायच्या, निदान बारा आठवडे. हुंगताना त्या वासाची आठवण काढायची. लवंग सगळ्यात आधी आली. गुलाब अजून पूर्ण आलेला नाही. येतो तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. रियाजानं झालं की आपोआप झालं असतं, ते मला विचारू नका. मी एकच नाक वापरून पाहिलंय.

आज मी एका श्वासात सदतीसपर्यंत मोजते. जिना न थांबता चढते, पण त्या दिवशी दुसरं काही चढायचं ठेवत नाही.

परवा टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून ह्यांनी माझ्या उशाखालच्या खणातून ऑक्सिमीटर काढलं आणि त्यातले दोन सेल रिमोटला लावले. मला न विचारता. मी इतकी चिडले, की हे घाबरून ते सेल परत काढायला लागले. मी "राहू द्या" म्हटलं. मग दोघांनी बातम्या पाहिल्या. सेल अजून रिमोटमध्येच आहेत. यंत्र मी परत खणात ठेवलंय, तसंच, रिकामं. नवे सेल आणायच्या यादीत दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले.

नमस्कार.