मॉयच्या खाडीवरचा रॉसर्क मठ

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यात, मॉय नदी किलालाच्या उपसागराला मिळते त्या खाडीच्या अगदी काठावर रॉसर्कचा फ्रान्सिस्कन मठ उभा आहे. १४४० च्या सुमारास जॉइस घराण्याच्या आश्रयाने तो बांधला गेला. आपल्या वसई किल्ल्यात ज्या फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष आहेत, त्याहून ही वास्तू शंभरेक वर्षांनी जुनी आहे.

येथील साधू संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे होते. हा संघ मुळात संसारी भाविकांसाठी निघाला होता. पुढे त्यातील काही जण व्रते घेऊन एकत्र राहू लागले आणि आयर्लंडच्या गेलिक, म्हणजे आयरिश भाषा बोलणाऱ्या मुलखात त्यांचे मठ झपाट्याने वाढले. चर्चचे छप्पर आज नाही, परंतु भिंती, मनोरा आणि पूर्वेची चार झरोक्यांची दगडी खिडकी शाबूत आहे. राहण्याची जागा वरच्या मजल्यावर होती. तेथे भोजनगृह व स्वयंपाकघर यांच्या चुली एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून बांधलेल्या दिसतात. इंधनाची काटकसर करणाऱ्यांचीच ही योजना म्हणावी लागेल.

मात्र रॉसर्कला जायचे ते वेदीजवळच्या कोनाड्यासाठी. पूजेची पात्रे धुऊन ते पाणी वाहून जावे म्हणून केलेल्या या दुहेरी कोनाड्यावर देवदूत आणि ख्रिस्ताच्या यातनांची साधने कोरली आहेत, आणि त्यांच्याच संगतीत एका खांबावर निमुळत्या टोपीचा छोटा गोल मनोरा आहे. काही मैलांवरील किलाला गावात असा मनोरा आजही उभा असून, कारागिराने तोच येथे उतरवला असावा, असे मानले जाते. पवित्र चिन्हांच्या रांगेत त्याने आपल्या परिसरातील खूण बसवली, हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद करण्याचे फर्मान काढले, तरी ते या दूरच्या किनाऱ्यावर लगेच अमलात आले नाही. १५९० मध्ये मात्र कॉनॉट या पश्चिमेकडील प्रांताचा इंग्रज अधिकारी रिचर्ड बिंगहॅम याने रॉसर्क जाळले, आणि खाडीच्या मुखाकडे असलेला मोइनचा मोठा मठही जाळला. मोइनला शेतातून चालत जावे लागते. तेथील चर्चच्या भिंतीवरील गिलाव्यात कोणीतरी शिडे-डोलकाठ्यांसह जहाजे कोरून ठेवली असून, ती सोळाव्या शतकातील आहेत. रेषा फार बारीक आहेत. तिरपे ऊन असेल तेव्हाच त्या नीट वाचता येतात.