सोसायटीच्या दोन जागा

[दृश्य: कपाशीची वेचणी, बायांचे हात]
दहिवर सुकलं की वेचणी सुरू होते. ओला कापूस गाठोड्यात बसला तर पिवळा पडतो. या रानात दिसतात त्या सगळ्या बाया. पण शेताला जास्तीत जास्त किती पीककर्ज, याचं कमाल मर्यादा पत्रक गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या संचालक मंडळातून पुढे जातं.

[दृश्य: सोसायटीची मतदार यादी]
त्या मंडळात सहकार कायद्यानं महिलांसाठी दोन जागा राखल्या आहेत. उभं राहायला मात्र आधी सभासद व्हावं लागतं, आणि सभासद व्हायला नावावर सातबारा. या यादीत बायांची नावं शोधून पाहा.

ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या. तिथं जमिनीची अट नाही, म्हणून तो कायदा गावोगाव लागू पडला.

[दृश्य: तलाठी कार्यालय, फेरफार नोंदवही]
खरी अडचण या फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरची नावं बदलण्याच्या वहीत आहे. खातेदार वारला की मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज जातो. नोंद आधी गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत, मग फेरफारात. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. चूक होते ती अर्जातच: मुलांची नावं भोगवटादार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, विधवेचं मात्र ‘इतर अधिकारा’च्या रकान्यात. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, पण तिच्याकडून हक्कसोडपत्र आधीच लिहून घेतलेलं असतं. भाऊबंदकीपुढे ती गप्प बसते.

नवरा हयात असेल तर दुसरी वाट आहे. शेतकरी संघटनेनं बायकोचं नाव जमिनीला लावण्याची लक्ष्मी मुक्ती मोहीम उभी केली, १९९२ मध्ये शासनानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. हा अर्ज प्रत्येक घरातून जायला हवा.

[दृश्य: सातबाऱ्याचा उतारा, जवळून]
फेरफार झाल्यावर नवा उतारा काढून नाव कोणत्या सदरी लागलं ते तपासायचं. मग सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर कायद्यानं ती सभासद झाली असं धरलं जातं. पोच नसेल तर हे सिद्ध करता येत नाही.

आणि कर्जमागणी, वसुली याच मंडळाच्या हातून जाते.

नव्या सभासदाला पहिली दोन वर्षं मतदानाचा हक्क नसतो. निवडणूक जाहीर झाल्यावर दिलेला अर्ज त्या निवडणुकीत कामाचा नाही. म्हणून सभासदत्वाचा अर्ज या हंगामातच द्यायला हवा.