जायची वाट कुठून आहे?

(दृश्य: सकाळचं ऊन. काटेरी तार, पलीकडे काळं रान.)

या तारेच्या पलीकडची एक एकर जमीन माझ्या मामाची. पुणे-सोलापूर रस्त्यापासून गाडीनं दहा मिनिटं आत. 2009 साली त्यानं ती घेतली, तीस वर्षांच्या नोकरीत साठवलेल्या पैशातून. गावाकडं वडिलोपार्जित शेती होती, त्यामुळे शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचं दाखवावं लागतं, तो प्रश्न नव्हता. सातबारा कोरा, बँकेचा बोजा नाही. खरेदीखत झालं, फेरफार, म्हणजे मालक बदलल्याची नोंद, मंजूर झाला. सगळं रीतसर.

जायची वाट कुठून आहे, एवढं मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही. एजंटनं ज्या वाटेनं आमची गाडी नेली, ती शेजाऱ्याच्या रानातून जात होती. तीन वर्षांनी शेजाऱ्यानं तार ठोकली. त्याचं काय चुकलं? रान त्याचंच होतं.

(दृश्य: टेबलावर सातबाऱ्याचा उतारा. बोट एकेका रकान्यावरून फिरतं.)

जमीन बघायला गेलं की माणूस आधी माती बघतो, पाणी बघतो आणि भाव विचारतो. मी म्हणेन, आधी हा कागद वाचा. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. वरती भूधारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग 1 असेल तर मालकाला विकायला सहसा आडकाठी नसते. वर्ग 2 दिसला तर थांबा, तिथं सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मग नावं मोजा. सामाईक खात्यात दहा नावं असतील आणि तुम्हाला ‘यातले दोन गुंठे तुमचे’ असं सांगितलं जात असेल, तर ते दोन गुंठे नेमके कोणते, हे या कागदावर कुठंच नसतं. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, तरीही असे व्यवहार होतात आणि लोकांच्या आयुष्याची पुंजी त्यात अडकते. हे बघून फार वाईट वाटतं.

शेवटी ‘इतर हक्क’ हा रकाना. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथं असतं. तिथल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची प्रत काढून वाचावी. कंटाळवाणं काम आहे, पण जमिनीची खरी कहाणी फेरफारातच सापडते.

(दृश्य: गावनकाशा. तुटक रेघांवर कॅमेरा स्थिरावतो.)

आणि हा गावनकाशा. यात पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट दाखवलेली असते. आपल्या गटाला, म्हणजे जमिनीच्या तुकड्याला, त्यातली एखादी रेघ टेकते का, हे पाच मिनिटांत कळतं. मामाच्या गटाला एकही टेकत नव्हती. त्यानंतर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी, तिची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, हातात असावी आणि ती घेऊन बांधावरून स्वतः एक चक्कर मारावी.

भाव? तो सगळ्यात शेवटी. एजंट सांगतो तो आकडा घेऊन बसू नका. आजूबाजूच्या गटांचे व्यवहार कितीला नोंदले गेले, ते सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या नोंदीत, दिसतं. त्याच्या शेजारी रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दर ठेवला की अंदाज येतो.

(दृश्य: पुण्यातली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना जुन्या तीन मजली सोसायट्या.)

शहरातल्या फ्लॅटचंही तेच. 60 लाखांचा फ्लॅट धरू. 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी धरून साडेचौसष्ट लाख गेले. भाडं महिना 16,000, वर्षात एक महिना रिकामा, म्हणजे 1,76,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 30,000 आणि घरपट्टी 16,000 वजा. हातात 1,30,000. शेकडा दोन रुपये! मुदत ठेवीत याहून जास्त मिळतात.

मग लोक जुना फ्लॅट घेतात कशाच्या भरवशावर? उद्या रीडेव्हलपमेंट होईल, मोठं घर मिळेल या भरवशावर. म्हणजे खरी किंमत भिंतींची नाही, खालच्या जमिनीची. आणि तिच्यावर किती बांधता येईल, हे बऱ्याच अंशी समोरचा रस्ता ठरवतो. रस्ता जितका रुंद, तितका जादा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मानानं बांधकामाची परवानगी. पुण्यात 6 मीटर रस्त्यावरच्या कितीतरी सोसायट्या याच कारणानं अडल्या. 2020 साली महापालिकेनं असे तीनशेहून जास्त रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, तो यासाठीच. म्हणून जुना फ्लॅट बघायला जाताना टेप घेऊन जा. आतल्या टाइल्स नंतर बघा, आधी रस्ता मोजा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालं आहे का, तेही विचारा.

(दृश्य: पुन्हा तीच तार. बाजूनं बांधाची अरुंद पट्टी.)

मामानं तहसीलदारांकडं अर्ज केला. महसूल कायद्याच्या कलम 143 खाली शेजाऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. स्थळपाहणी झाली, तारखा पडल्या, शेवटी बांधावरून वाट मिळाली. माणूस जाईल एवढी. ट्रॅक्टर जात नाही, म्हणून रान पडीक आहे.

पण आंब्याची दोन झाडं त्यानं लावली आहेत. उन्हाळ्यात दर रविवारी तो दोन हातांत पाण्याचे दोन कॅन घेऊन या बांधावरून जातो. मध्ये एकदा खाली ठेवतो, हात झटकतो आणि पुन्हा उचलतो.